निसर्ग वादळानंतरची तीन घरं

मे संपत आला की श्रीवर्धन, दिवेआगर, केळशी, आंजर्ले या पट्ट्यात अजून 2020 चा विषय निघतो. आमचं गाव माणगावकडचं, भातशेतीचं. पण मावशी श्रीवर्धन तालुक्यात दिलेली, एक वर्गमित्र दिवेआगरचा आणि बायकोचं माहेर केळशीचं. तिन्ही घरं वाडीवाली. वादळ एकच, पण तिन्ही घरांचं पुढे वेगवेगळं झालं. ते का झालं, एवढंच आज लिहितो.

3 जून 2020 ला दुपारी 'निसर्ग' अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर. त्यात कोरोनाचा लॉकडाऊन. एसटी बंद, जिल्हा ओलांडायला पास. श्रीवर्धन आमच्याच रायगडात, म्हणून राब भाजून पेरणी तोंडावर असतानाही गावातले आम्ही काहीजण कोयते, करवती घेऊन गेलो. केळशी रत्नागिरी जिल्ह्यात, तिथे पास मिळेपर्यंत फोनवर हालहवाल विचारण्यापलीकडे काही करता येईना. आणि फोन तरी कुठला लागत होता! टॉवर बंद, लाईट बंद. केळशीच्या घरात दिवा लागायला महिना गेला.

वाडीत झाडं कशी पडली ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पोफळ बारीक आणि उंच, ती मधेच कडाकडा मोडते. मोडली की संपली, तिला बुंध्यातून फुटवा येत नाही. माड एकतर मुळासकट आडवा होतो, नाहीतर उभा राहतो पण शेंडा पिळवटतो. असा माड बरेच दिवस हिरवा दिसतो आणि नंतर सुई सुकून जातो. म्हणजे वादळानंतर आठ दिवसांनी केलेली मोजणी कधीच पुरी नसते.

मावशीकडे 12 गुंठे वाडी. 210 पोफळी आणि 14 माड गेले. मदत सुरुवातीला हेक्टरी होती. आधीचे 18 हजार वाढवून 50 हजार केले, ऐकायला मोठी रक्कम. पण हेक्टरी 50 हजार म्हणजे गुंठ्याला साधारण 500 रुपये. मावशीच्या वाट्याला 6 हजार. पडलेली झाडं तोडून बाहेर काढायची मजुरीच त्याहून जास्त. किनाऱ्यावरच्या वाड्या गुंठ्यात असतात, हे देशावरच्या मापाने मोजून कळत नाही. बागायतदारांनी आवाज उठवल्यावर पुढे झाडामागे मदत मान्य झाली : पोफळीला 50 रुपये, माडाला 250. या हिशेबाने मावशीचे 14 हजार होतात. पण सातबारावर नऊ नावं. कोणी मुंबईला, कोणी बडोद्याला, दोघं वारलेले. सगळ्यांची संमतीपत्रं गोळा होईपर्यंत दिवाळी गेली.

तरी मावशीचं घर सावरलं ते पैशावर नाही. ती दरवर्षी विहिरीजवळच्या वाफ्यात निवडक झाडाची सुपारी रुजत घालायची. झावळ्यांचा ढीग उचलल्यावर खाली साठेक रोपं जिवंत निघाली. ती त्याच पावसात लावली. सगळा तालुका रोपं शोधत होता तेव्हा तिची लावणी झालेली. पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. रोप मिळायला दोन वर्षं उशीर म्हणजे सुपारी दोन वर्षं उशिरा.

दिवेआगरच्या मित्राकडे माड जास्त. पर्यटकांसाठी दोन खोल्या होत्या, त्या लॉकडाऊनमुळे आधीच बंद. पडलेले माड घ्यायला कोणी येईना, जाळायला ओले, म्हणून ओंडके कडेला रचून ठेवले. घरावरचे पत्रे आधी की ओंडके आधी, असा प्रश्न होता आणि कोणीही पत्र्यालाच हात घातला असता. कुजणाऱ्या ओंडक्यात गेंड्या भुंगा वाढतो. जखमी माडाच्या वासावर सोंड्या भुंगाही येतो. पुढच्या वर्षी वाचलेल्या माडांचे शेंडे कातरलेले दिसायला लागले. 17 मे 2021 ला 'तौक्ते' किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा पोखरलेले आणखी काही पडले. मित्र आज पनवेलला गाडी चालवतो. वाडी आहे, पण पाणी लावायला कोणी नाही.

केळशीला सासऱ्यांच्या वाडीत पोफळीखाली जायफळ आणि पोफळीवर मिरी. मिरी पोफळीबरोबर खाली आली. जायफळं मात्र बहुतेक उभी राहिली, सगळ्यांना बरं वाटलं. पण सावली गेली होती. सासरे म्हणाले, "पावसात कळणार नाही, मार्चात कळेल." त्यांनी पावसाळ्यातच मोकळ्या जागेत केळी लावून घेतल्या आणि उरलेल्या पोफळींच्या बुंध्यांना पश्चिमेकडून झावळ्या बांधल्या. उन्हाळ्यात शेजारच्या वाडीतली जायफळं करपली, यांची निम्म्याहून जास्त वाचली. वर्षभरात केळीचे चार पैसेही आले.

मंडळी, तिन्ही घरं कष्टाळू. दिवेआगरच्या मित्राला मी आळशी म्हणणार नाही, त्याच्या डोक्यावर छप्परच नव्हतं. पण वादळात वाडीची नुसती झाडं जात नाहीत, वर्षं जातात. आजोबांनी लावलेला माड, बापाने लावलेली पोफळ, त्यांच्या सावलीत सुनेने लावलेलं जायफळ. हे हेक्टरात बसत नाही आणि झाडामागे 50 रुपयांतही बसत नाही. मदत जरूर मागावी, हक्काची आहे. पण वर्षं भरून काढायची तयारी घरातच लागते.

म्हणून वाडीवाल्यांना पाऊस लागायच्या आत तीन कामं सांगतो. एक, स्वतःच्या चांगल्या झाडाच्या रोपांचा एक वाफा कायम ठेवा, दरवर्षी नवीन. दोन, सातबारावर झाडांची नोंद करून घ्या, मयतांचे वारस लावा आणि मुंबईकर भावंडं गणपतीला आली की कागदांवर सह्या घ्या. तीन, झाड पडलंच तर घराच्या कामाबरोबर एक माणूस ओंडक्यांच्या कामालाही लावा. एकट्या घराला ते झेपत नाही, वाडी-वाडीने मिळून करा.

आणि कृषी खात्यातले, विद्यापीठातले जे हे वाचतात त्यांना एक विनंती. वादळानंतरचा पंचनामा एकदाच करू नका. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा एकदा वाडीत या.