ताम्रपट आणि सातबारा

परवा नातवाने जुना सातबारा पुढे करून विचारले, "आबा, शाळेची जागा आपली होती का हो?"

होती बाळा. पण आधी एक जुनी गोष्ट ऐक.

आपल्याच भिवंडी तालुक्यातले भादाणे गाव शिलाहार राजा अपराजिताने शके ९१९ मध्ये, म्हणजे इ. स. ९९७ साली, लोनाडच्या लोणादित्य या सूर्यदेवाच्या पूजेसाठी दान दिले आणि ते तांब्यावर कोरून घेतले. शिलाहारांच्या ताम्रपटांत दान कोणी, कोणाला दिले, चारी बाजूंच्या हद्दी कोणत्या, हे लिहीत. शेवटी दान मोडणाऱ्याला शाप. पुढे कोकणात गधेगाळीचे दगडही उभे राहिले. दिलेली जमीन पुढची पिढी परत मागेल, ही भीती तेव्हाही होतीच!

माझ्या आजोबांनी शाळेला चार गुंठे दिले, ते मात्र तोंडी. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याप्रमाणे जमिनीच्या बक्षीसपत्राला दोन साक्षीदार आणि नोंदणी लागते. देणारा हयात असतानाच घेणाऱ्याने ते स्वीकारावे लागते. आमच्याकडे यातले काहीच नव्हते. सातबाऱ्यावर आजोबांचेच नाव राहिले आणि चुलत भावंडांनी दावा लावला. मी जन्मभर इतिहास शिकवला, पण घरचा कागद कधी पाहिला नाही, याची आजही लाज वाटते.

अखेर लोकअदालतीत तडजोड झाली. तिथल्या निवाड्यावर अपील नसते. शाळेला तीन गुंठे राहिले, एक गेला. त्या एका गुंठ्यात मुलांचे खेळण्याचे अंगण होते.

मंडळी, दान जरूर करा. पण आधी कागद करा.