पत्री सरकार : लोकचर्चा, सनसनाटी आणि साताऱ्याचा इतिहास

प्रस्तावना

वृत्तपत्रे सनसनाटी झाली, राजकीय वार्तांकन उथळ झाले, अशी तक्रार आज सर्वत्र ऐकावयास मिळते. या तक्रारीत दोष संपादकाचा, मालकाचा अथवा राजकीय पुढाऱ्याचा मानला जातो. वाचक मात्र फसवला गेलेला आणि म्हणून निर्दोष ठरतो. इतिहासाचा आधार घेतल्यास हे चित्र अपुरे असल्याचे दिसून येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये पुलित्झर आणि हर्स्ट यांच्या वृत्तपत्रांतील स्पर्धेतून 'पीत पत्रकारिता' हा शब्द रूढ झाला. परंतु ती वृत्तपत्रे दररोज विकत घेणारा मोठा वाचकवर्ग नसता, तर ही स्पर्धा उभीच राहिली नसती. म्हणजेच सनसनाटीच्या निर्मितीत जनतेचाही वाटा असतो. हा वाटा नेमका कोणत्या स्वरूपाचा असतो, याचा शोध सातारा जिल्ह्यातील प्रतिसरकारच्या उदाहरणावरून घेणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. या उदाहरणात छापील वृत्तपत्राचे स्थान गौण होते. त्यामुळेच जनतेची भूमिका येथे अधिक स्पष्टपणे पाहता येते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

तत्कालीन सातारा जिल्ह्यात आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा या भागांचा समावेश होता. १९४९ मध्ये उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. ऑगस्ट १९४२ च्या 'चले जाव' ठरावानंतर या जिल्ह्यात तालुका कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ३ सप्टेंबरला तासगाव, ९ सप्टेंबरला वडूज आणि १० सप्टेंबरला इस्लामपूर येथे मोर्चे झाले. वडूज व इस्लामपूर येथे गोळीबार होऊन माणसे बळी पडली. यानंतर चळवळ भूमिगत झाली आणि १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार आकारास आले. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर, पांडू मास्तर आदी कार्यकर्त्यांनी गटागटांतून ते चालविले. औंध संस्थानातील कुंडल हे त्याचे एक प्रमुख केंद्र होते. १९३९ मध्ये स्वराज्याची घटना स्वीकारणाऱ्या या संस्थानाच्या हद्दीत भूमिगतांना आश्रय मिळणे तुलनेने सुलभ होते.

प्रतिसरकारचे कार्य बहुविध होते. गावोगावी न्यायदान मंडळे स्थापन करून जमिनीचे व देण्याघेण्याचे तंटे मिटविण्यात आले. दारूबंदी, दरोडेखोरांचा बंदोबस्त, सावकारीला आळा आणि कमी खर्चाचे 'गांधी विवाह' हे कार्यक्रम राबविण्यात आले. संरक्षणासाठी तुफान सेना उभारण्यात आली. आर्थिक साधने मिळविण्यासाठी ७ जून १९४३ रोजी शेणोली येथे रेल्वेगाडी अडविण्यात आली, तर १९४४ मध्ये धुळे जिल्ह्यातील चिमठाणे येथे सरकारी खजिना हस्तगत करण्यात आला.

'प्रति'चे 'पत्री' कसे झाले?

एवढ्या व्यापक कार्यातून जनमानसात सर्वाधिक रुजली ती एक शिक्षा. शेतकऱ्याच्या घरी बैलाच्या खुराला लोखंडी पत्री ठोकतात. त्याचप्रमाणे खबरे, गुंड व जुलमी सावकार यांच्या पायांना पत्री ठोकली जाते, अशी वार्ता गावोगाव पसरली आणि 'प्रतिसरकार'चे 'पत्री सरकार' झाले. चळवळीतील कार्यकर्त्यांच्या पुढील काळातील सांगण्यानुसार प्रत्यक्ष शिक्षा तळपायांवर काठीचे फटके मारण्याची होती. 'प्रति' या संस्कृत शब्दाचा बोलीतील अपभ्रंश या नावाला साहाय्यभूत झाला असावा. तथापि अपभ्रंश टिकला, तो त्याला चिकटलेल्या कथेमुळे.

या कथेच्या प्रसारामागे तीन कारणे संभवतात. पहिले कारण विश्वसनीय वृत्ताचा अभाव हे होय. युद्धकाळात भारत संरक्षण नियमांखाली वृत्तपत्रांवर कडक निर्बंध होते आणि चळवळीची पत्रके मर्यादित हातांपर्यंतच पोहोचत. रिकाम्या जागेत अफवा शिरते, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

दुसरे कारण कथनाच्या स्वरूपात आहे. आठवडी बाजारात, चावडीवर किंवा जत्रेत जी गोष्ट सांगायची, ती थोडक्यात सांगता आली पाहिजे आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर शहारा आला पाहिजे. बांधाच्या तंट्यात दोन्ही बाजू ऐकून पंचांनी दिलेला निवाडा हा त्या दोन कुटुंबांच्या आयुष्यात मोठा असला, तरी तिसऱ्या गावात सांगण्याजोगा नसतो. पत्रीची गोष्ट मात्र एका वाक्यात पुढच्या गावी पोहोचते. जनता येथे केवळ श्रोता राहत नाही. कोणते वृत्त पुढे न्यायचे आणि कोणते गाळायचे, हे ठरविणारी ती संपादक बनते.

तिसरे कारण उपयुक्ततेचे आहे. पत्रीच्या धास्तीने खबऱ्यांवर वचक बसत असल्यास चळवळीला ही कथा खोडण्याची घाई नव्हती. सावकाराच्या जाचातून सुटू पाहणाऱ्या शेतकऱ्याला ती दिलासा देत होती. शासनाच्या दृष्टीनेही, चळवळ म्हणजे गुंडगिरी हे सिद्ध करण्यास ती सोयीची होती. परस्परविरोधी हितसंबंध असलेल्या तिन्ही घटकांना एकच कथा उपयोगी पडत असेल, तर तिची शहानिशा कोण करणार?

सनसनाटीची किंमत

या प्रक्रियेची किंमत दुहेरी आहे. एक म्हणजे विधायक कार्य झाकले गेले. ग्रामीण भागात, परकीय सत्ता कायम असताना, सामान्य शेतकऱ्यांनी न्यायव्यवस्था चालवून दाखविली, ही राजकीयदृष्ट्या असाधारण घटना होती. गेल ऑम्व्हेट यांच्यासारख्या अभ्यासकांनी प्रतिसरकारचा सामाजिक पाया तपासला. परंतु सर्वसामान्य चर्चेत आजही पहिला प्रश्न येतो तो पत्रीचा. सांगलीच्या तुरुंगातून वसंतदादा पाटील व त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ जुलै १९४३ रोजी केलेले पलायनही बहुधा साहसकथा म्हणूनच सांगितले जाते. त्यामागची संघटना दुर्लक्षित राहते.

दुसरी किंमत अधिक गंभीर आहे. सनसनाटी कथा एक तर रोमांच देते किंवा निषेध करावयास लावते. ती चिकित्सा करू देत नाही. शिक्षा ठरविण्यापूर्वी आरोपीचे म्हणणे ऐकले जाई काय, खबरेगिरीचा आरोप कोणत्या पुराव्यावर ग्राह्य धरला जाई, चुकीच्या शिक्षेची दाद कोठे मागता येई, हे लोकशाहीच्या दृष्टीने महत्त्वाचे प्रश्न मागे पडले. काठीचे फटके हीदेखील हिंसाच होती, हे पत्रीच्या कथेमुळे सोयीस्करपणे विसरले जाते. कारण अतिशयोक्ती खोटी ठरली की मूळ घटनाही निरुपद्रवी वाटू लागते.

शब्दांची जबाबदारी सहभागी व्यक्तींनाही जाणवत होती. शेणोलीच्या घटनेत सहभागी असलेले तुफान सेनेचे 'कॅप्टन भाऊ' रामचंद्र लाड यांनी वृद्धापकाळी त्या घटनेला 'लूट' म्हणण्यास ठाम आक्षेप घेतला होता. ब्रिटिशांनी जनतेचे लुटलेले धन परत आणले, अशी त्यांची भूमिका होती. एका शब्दाच्या निवडीत संपूर्ण राजकीय अन्वयार्थ कसा सामावतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

निष्कर्ष

प्रतिसरकारच्या उदाहरणावरून असे म्हणता येईल की, सनसनाटी ही केवळ मुद्रणयंत्राची किंवा दूरचित्रवाणीची निर्मिती नाही. माध्यमे नव्हती तेथेही ती निर्माण झाली, कारण तिची गरज समाजात होती. आजची माध्यमे या गरजेचा व्यापार करतात आणि तिला अनेक पटींनी वाढवितात. त्यांची जबाबदारी यामुळे कमी होत नाही. परंतु वृत्ताची निवड, त्याचा पुनरुच्चार आणि शहानिशेविषयीची उदासीनता यांत वाचकाचा सहभाग असतो, हे मान्य केल्याशिवाय माध्यमांवरील टीका अपुरीच राहते.

इतिहासलेखनाच्या दृष्टीने मौखिक आठवणी आणि शासकीय कागदपत्रे ही दोन्ही साधने या प्रक्रियेतून गेलेली आहेत, याचे भान ठेवणे आवश्यक ठरते. प्रतिसरकारचे बहुतेक साक्षीदार आज हयात नाहीत. सातारा व सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालयांनी न्यायदान मंडळांचे निवाडे, गांधी विवाहांच्या घरगुती नोंदी आणि ज्यांना शिक्षा झाल्या त्यांच्या कुटुंबांतील आठवणी संकलित करण्याचे कार्य तातडीने हाती घेतले पाहिजे. अशा संकलनाने पत्रीची कथा पुसली जाणार नाही आणि ती पुसण्याची आवश्यकताही नाही. मात्र तिच्या शेजारी निवाड्यांचा कागद ठेवला गेला, तर पुढील पिढीला सरकार म्हणजे काय, हा प्रश्न त्या इतिहासाला विचारता येईल.