ऱ्होनचे नावाडी

फ्रान्समध्ये ऱ्होन नदीवर लिओंहून आव्हिन्योंला बोटीने निघालं की सगळं कसं निवांत असतं. डेकवर खुर्च्या, टेकड्यांच्या उतारावर द्राक्षांचे मळे, टेबलावरचा ग्लाससुद्धा हलत नाही. माझी सारी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, त्यामुळे मला मळ्यांपेक्षा पाण्याचं कुतूहल. आल्प्सच्या बर्फावर पोसलेली ऱ्होन एवढी शांत कशी?

उत्तर बोलेनच्या लॉकमध्ये मिळालं. दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हा काँक्रीटचा हौद 195 मीटर लांब, 12 मीटर रुंद. बोटीच्या दोन्ही अंगांना जेमतेम वीतभर जागा. मागचा दरवाजा लागला, पाणी सुटलं आणि ओल्या, शेवाळलेल्या भिंती वर चढू लागल्या. आम्ही सुमारे 23 मीटर खाली उतरलो, तेही धक्का न बसता. वीज, जलवाहतूक आणि सिंचन ही तिन्ही कामं एकाच कंपनीकडे सोपवून 1933 मध्ये फ्रेंचांनी ऱ्होन बांधायला घेतली. बोलेनचा कालवा 1952 चा. 1980 पर्यंत लिओं ते समुद्र अशी 12 लॉकची साखळी पुरी झाली. अभियंता म्हणून मी या कामापुढे हात जोडतो.

पण त्याआधीची नदी वेगळीच होती. लिओंहून बोकेरच्या जत्रेला माल घेऊन निघालेल्या नावा प्रवाहाबरोबर दोन-तीन दिवसांत पोचत. परतीला, कामार्गचं मीठ भरून, महिना लागे. एकामागे एक बांधलेल्या नावांचा ताफा काठावरून घोडे ओढत, एकेका ताफ्याला कित्येक डझन. वाट पलीकडच्या तीरावर गेली की घोडेच नावेत चढवून नदीपार करायचे. मध्ययुगात उजवा तीर फ्रान्सच्या राजाचा होता आणि डावा जर्मन सम्राटाचा. सत्ता बदलल्या, तरी नावाड्यांची हाक तीच राहिली : उजव्या तीराकडे वळायचं तर ‘राज्य’, डाव्या तीराकडे तर ‘साम्राज्य’.

पुलांची त्यांना धास्ती असे. आव्हिन्योंच्या प्रसिद्ध पुलाच्या 22 कमानींपैकी पुरांनी 4 च शिल्लक ठेवल्या. त्यावरचं छोटं प्रार्थनास्थळ नावाड्यांचा रक्षक संत निकोलस याचं आहे. पर्यटक तिथे फोटो काढून पुढे जातात. ते कुणासाठी होतं, हे आमच्या वाटाड्याने सांगितलं नाही. याची मला खंत वाटली.

1829 नंतर ऱ्होनवर वाफेच्या बोटी आल्या आणि 1850 च्या दशकात काठाने रेल्वे. पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा काही वर्षांत बसला. नावाड्यांच्या वस्तू सेरिएर गावातल्या एका जुन्या चॅपलमधल्या संग्रहालयात आहेत. आघाडीच्या नावेवर उभारायचे ते लाकडी क्रूस तिथे बघावेत. शिडी, हातोडा, पकड, कोंबडा अशी ख्रिस्ताच्या अखेरच्या दिवसाची एकेक खूण कोरून, रंगवून क्रूसावर बसवलेली. एवढी नजाकत नावाड्यांच्या हातांची आहे.

ऱ्होनवर जाणार असाल तर आव्हिन्योंच्या पोपच्या राजवाड्याइतकाच वेळ सेरिएरसाठी राखून ठेवा. बोट तिथे थांबत नसेल तर लिओंहून मोटारीने जा. तासाभराचा रस्ता आहे.