घरातील प्लेअर आणि कारखान्याची पाळी : पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील एका निवडीचा इतिहास

घरात चलच्चित्रे पाहण्यासाठी कोणते यंत्र घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता गिऱ्हाईक व दुकानदार यांच्यापुरता मर्यादित वाटतो. चित्र किती स्वच्छ, आवाज किती खुला, किंमत किती, एवढे पाहिले की निवड संपते अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्याचा गेल्या पन्नास वर्षांचा अनुभव तपासला असता या निवडीमागे निराळाच प्रश्न उभा असल्याचे दिसते. चित्रपट किंवा घरगुती चित्रण ज्या फितीवर, तबकडीवर वा संगणकात साठविलेले असते तो साठा कोणाच्या हाती राहावयाचा, आणि तो पाहण्याची वेळ कोणी ठरवावयाची, हा तो प्रश्न होय. यंत्रे पुष्कळ आली व गेली, तरी तो मात्र कायम राहिला. व्यवहारात रूढ झालेला ‘प्लेअर’ हाच शब्द येथे या सर्व यंत्रांसाठी योजिला आहे.

१९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पिंपरीस उद्योगनगरीचे रूप येऊ लागले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यावर भोसरी, चिंचवड, आकुर्डी हा टापू कारखान्यांनी भरत गेला. १९७० मध्ये येथे नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. चाकणचा उदय पुढचा. बजाजचा कारखाना तेथे १९९९ मध्ये, तर फोक्सवॅगनचा २००९ मध्ये सुरू झाला. या कारखान्यांमागून मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण आणि परप्रांत येथून माणसे आली व त्यांचे दिवस तीन पाळ्यांत विभागले गेले.

दूरचित्रवाणी या समाजात आली ती स्वतःचे निराळे घड्याळ घेऊन. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७३ मध्ये सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे त्याचे कार्यक्रम पुणे परिसरात दिसू लागले. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट, रविवारी संध्याकाळी हिंदी चित्रपट, हा क्रम पुढे घरोघर पाठ झाला. आता, या पट्ट्यातील पुष्कळशा कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते. विजेचा भार सर्व उद्योगांचा मिळून एकाच दिवशी कमी वा अधिक होऊ नये म्हणून निरनिराळ्या औद्योगिक क्षेत्रांस निरनिराळे वार वाटून देण्याची जी पद्धत पडली, तिच्यातून हा गुरुवार आला. परिणाम असा की, दूरदर्शनने ज्या कुटुंबाची कल्पना करून कार्यक्रम आखले, त्या कुटुंबाची सुट्टी आणि भोसरीतील कामगाराची सुट्टी यांचा मेळच नव्हता. जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात रविवारी सकाळी ‘रामायण’ लागे तेव्हा रस्ते ओस पडत, असे नेहमी सांगितले जाते. पहिल्या पाळीचा कामगार त्या वेळी यंत्रावर उभा असे, ही गोष्ट त्या वर्णनात सहसा येत नाही.

साठविलेल्या चित्राचे महत्त्व येथे नेमके कळते. सोनीची बीटामॅक्स पद्धती १९७५ मध्ये व जेव्हीसीची व्हीएचएस पद्धती १९७६ मध्ये बाजारात आली. आरंभीच्या बीटामॅक्स कॅसेटवर एक तासाचे व व्हीएचएस कॅसेटवर दोन तासांचे मुद्रण होई. पुढे दोहोंची लांबी वाढली. अडीच-तीन तासांचा हिंदी चित्रपट एकाच कॅसेटीत बसविणारी १८० मिनिटांची व्हीएचएस फीत भारतात घरोघर ओळखीची झाली. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि व्हिडिओचे वेड वाढले. मात्र व्हीसीआर विकत घेणे कामगार कुटुंबास परवडण्यासारखे नव्हते. तो भाड्याने आणावयाचा, रंगीत संचही बहुधा त्याबरोबरच आणावयाचा, आणि एका रात्रीत तीन चित्रपट संपवून सकाळी परत करावयाचा, हा त्या काळचा सार्वत्रिक परिपाठ होता. वर्गणी शेजारपाजारच्या बिऱ्हाडांची आणि खोली एकाची. म्हणजे प्लेअरची निवड करणारा खरा गिऱ्हाईक कॅसेट भाड्याने देणारा दुकानदारच होता. प्रेक्षकाने निवडावयाची ती केवळ रात्र, आणि ती त्याला निवडता आली हीच त्याची मोठी मिळकत होती. १९८४ मध्ये लेखाधिकार कायद्यात दुरुस्ती होऊन चित्रफितीवर प्रमाणपत्राचा व निर्मात्याचा तपशील छापणे बंधनकारक झाले. कायद्याला त्या धंद्याची दखल घ्यावी लागली, यावरून त्याच्या व्याप्तीचा अंदाज बांधता येतो.

यापुढची पायरी इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक आहे. कोणा एकाने आपल्या खोलीत व्हीसीआर ठेवावयाचा आणि तेथून तारा ओढून इमारतीतील, मग गल्लीतील, घरांत तोच चित्रपट पोहोचवावयाचा, अशी सोय मुंबईसारख्या शहरांत १९८० नंतरच्या दशकात सुरू झाली. ही सोय म्हणजे केवळ घरगुती पाहणे की सार्वजनिक प्रसारण, असा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. गरवारे प्लॅस्टिक्स विरुद्ध टेलिलिंक या १९८९ च्या निकालात न्यायालयाने तारेवरून ग्राहकांच्या घरी चित्रपट दाखविणे हे जनतेस केलेले प्रसारण ठरविले व मूळ मालकाच्या परवानगीवाचून ते करता येणार नाही असे म्हटले. आज आंतरजालावरून चित्रपट पाहण्यास आपण नवी गोष्ट समजतो. परंतु साठा दुसऱ्याच्या घरी, पडदा आपल्या घरी आणि मध्ये तार, ही रचना केबलवाल्याने आधीच सिद्ध करून ठेवली होती. फरक इतकाच की केबलवाला त्याच वस्तीतला असे आणि अमुक चित्रपट लाव असे त्याला सांगता येई. १९९१ पासून उपग्रह वाहिन्या आल्या, १९९५ मध्ये केबल जाळ्यांच्या नियमनाचा कायदा झाला, आणि वस्तीतला हा साठेदार हळूहळू दूरच्या वाहिन्यांचा वसुली कारकून होऊन बसला.

साठा खऱ्या अर्थाने घरी आला तो व्हीसीडीबरोबर. १९९३ मध्ये निश्चित झालेल्या या प्रमाणानुसार एका तबकडीवर ७४ मिनिटांचे चित्र मावे आणि त्याचे परिमाण ३५२ × २८८ बिंदू इतके बेताचे असे. जाणकारांनी त्यास नाके मुरडली. परंतु तिला प्रदेशसंकेताचे कुलूप नव्हते, नक्कलबंदी नव्हती, आणि प्लेअर स्वस्त होता. भारतीय चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांत विभागावा लागे. चित्रगृहातील मध्यंतराची सवय असलेल्या प्रेक्षकास मध्येच उठून सीडी बदलण्याचे काही वाटले नाही. डीव्हीडीची गोष्ट निराळी होती. तिच्या एका थरावर ४.७ गिगाबाइट मजकूर मावे व चित्रही उत्तम, परंतु जगाचे प्रदेश पाडून प्रत्येकाला आकडा दिलेला होता. भारत पाचव्या प्रदेशात आणि अमेरिका पहिल्या. तिकडे स्थायिक झालेल्या नातलगाने पाठविलेली तबकडी येथील प्लेअरवर चालेलच असे नसे. म्हणून ‘सर्व प्रदेश चालतात’ हे शब्द दुकानदाराच्या तोंडी विक्रीचे शब्द होऊन बसले. २००७ मध्ये मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांस व डीव्हीडी ३४ रुपयांस विकावयास काढली, तेव्हा भाड्याच्या दुकानाचे प्रयोजनच संपले. एका चहा-नाश्त्याच्या खर्चात चित्रपट कायमचा आपला होऊ लागला. पाठोपाठ प्लेअरच्या पुढील अंगास यूएसबीचे तोंड आले आणि तबकडीचीही गरज उरली नाही.

यात विजेचा संबंध विसरता येत नाही. महाराष्ट्रातील तीव्र भारनियमनाच्या काळात, २००६ साली, पुण्यात एक निराळी योजना अमलात आली. ज्या कारखान्यांकडे स्वतःची जनित्रे होती त्यांनी टंचाईच्या वेळी ती चालवून जाळ्यातील वीज मोकळी करावयाची, त्यायोगे पुणे व पिंपरी-चिंचवड ही शहरे भारनियमनातून सोडवावयाची, आणि वाढीव खर्चाचा वाटा ग्राहकांनी उचलावयाचा, असे तिचे स्वरूप होते. म्हणजे कारखान्याच्या जनित्रावर कामगाराच्या घरातील टीव्ही चालला, असे थोड्या अतिशयोक्तीने म्हणता येईल. खेड तालुक्यातील चाकण व भोवतालची गावे या कृपेबाहेर होती. तेथे पेनड्राइव्ह व इन्व्हर्टर यांवर चालणारे साधे यंत्र अधिक भरवशाचे ठरले, तर त्यात अडाणीपणा नसून हिशेब होता. शहरातही गुरुवार आडवा येई तो येईच. कारखाने बंद म्हणून वीजवाहिन्यांच्या दुरुस्तीसाठी तोच वार सोयीचा, आणि त्यामुळे सुट्टीच्याच दिवशी घरातील वीज जाण्याचा योग कामगाराच्या वाट्यास आला.

३१ मार्च २०१३ ही ३८ शहरांतील केबल अंकीय करण्याची मुदत होती. त्यांत पुण्याबरोबर पिंपरी-चिंचवडचाही समावेश होता, चाकणचा नव्हता. घरोघर आलेल्या सेट-टॉप पेट्यांपैकी काहींत कार्यक्रम मुद्रित करून ठेवण्याची सोय होती. परंतु ते मुद्रण गूढलिपीत बंद असे आणि त्याच पेटीवर उघडे. साठा घरात आणि किल्ली बाहेर, अशी ही पहिलीच अवस्था. २०१६ च्या जानेवारीत नेटफ्लिक्स, त्याच वर्षाच्या सप्टेंबरात जिओ व डिसेंबरात प्राइम व्हिडिओ भारतात आले. टीव्हीच्या मागे खोचावयाची क्रोमकास्ट ही कांडी २०१४ च्या अखेरीस, तर ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक २०१७ मध्ये ३,९९९ रुपयांस येथे मिळू लागली.

या टप्प्यावर आकडेमोड उपयोगी पडते. सेकंदास ५ मेगाबिट या वेगाने येणारा अडीच तासांचा चित्रपट सुमारे ५.६ गिगाबाइट खातो. २०१७ च्या आरंभी जिओने दिवसाची वेगवान मर्यादा १ गिगाबाइट ठेवली होती. तेवढ्यात तोच चित्रपट बसवावयाचा तर वेग सेकंदास एक मेगाबिटच्याही खाली आणावा लागे, म्हणजे व्हीसीडीतील चित्राच्या १.१५ मेगाबिटपेक्षा कमी. संकोचनाची तंत्रे मध्यंतरी सुधारल्यामुळे चित्र पुष्कळ बरे दिसे हे खरे; तथापि फुकट मिळालेल्या अमर्याद प्रवाहाची जी भावना तेव्हा पसरली होती, तिचे माप २८ रुपयांच्या जुन्या तबकडीहून फारसे मोठे नव्हते. ‘कॉट बेसिस’वर, एका खोलीत चारसहा जण राहणाऱ्या चाकणच्या प्रशिक्षणार्थी व कंत्राटी कामगारास तर टीव्ही व कांडी दोन्ही अप्रस्तुत होती. एक रातपाळीहून येऊन झोपलेला, दुसरा निघण्याच्या तयारीत. अशा खोलीत मोठा पडदा लावावयाचा कोणासाठी? त्याचा प्लेअर म्हणजे त्याचा फोन आणि कानातल्या तारा.

प्रवाही चित्राने पाळीचा जुना अन्याय दूर केला, हे मान्य केलेच पाहिजे. गुरुवारी दुपारी हवा तो चित्रपट लावता येणे ही १९८७ च्या कामगारास अशक्य असलेली गोष्ट आहे. परंतु मोबदल्यात साठा पूर्णपणे परहस्ते गेला. हक्काची मुदत संपली की चित्रपट सूचीतून नाहीसा होतो, सेवा एकमेकींत विलीन होतात, आणि २८ रुपये देऊन घेतलेल्या वस्तूवर जो अधिकार होता तो मासिक वर्गणीवर राहत नाही. म्हणून ज्याच्याजवळ जपून ठेवण्यासारखे काही आहे, त्याने निवड करताना कांडीबरोबरच साठविलेल्या फाइली वाचणाऱ्या यंत्राचा विचार सोडू नये. त्यातही खाचाखोचा आहेत. जुना टीव्ही २००३ च्या एच.२६४ पद्धतीची फाइल वाचतो, पण २०१३ च्या एच.२६५ ची वाचीलच असे नाही. आणि पुष्कळ यंत्रे देवनागरी नावांच्या जागी चौकोन दाखवितात, त्यामुळे ‘बारसे’ कोणते आणि ‘वास्तुशांत’ कोणती हे फाइल उघडल्यावाचून कळत नाही.

हे शेवटचे उदाहरण सहज दिलेले नाही. चित्रपटांची काळजी घेण्यास पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, आणि तरीही जानेवारी २००३ च्या आगीत तेथील नायट्रेट फितींचा मोठा साठा जळाला. कामगार वसाहतींतील लग्नांच्या, मुंजींच्या, सेवानिवृत्तीच्या समारंभांच्या व्हीएचएस कॅसेटींना असे कोणतेच घर नाही. त्या कपाटाच्या वरच्या फळीवर आहेत. पावसाळ्यातील दमटपणाने त्यांच्या फितींवर बुरशी धरते, आणि त्या चालविणारे यंत्र नव्याने मिळत नाही, कारण व्हीसीआर बनविणाऱ्या शेवटच्या फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबविले. गावाकडून येथे आलेल्या पहिल्या पिढीच्या संसाराचा आरंभ अनेक घरी या फितींवरच आहे आणि अन्यत्र कोठेही नाही. ज्यांनी वेळीच त्या फाइलीत उतरवून घेतल्या त्यांनाही एक अडचण येते. पेनड्राइव्हवरील रूढ फॅट३२ रचना ४ गिगाबाइटहून मोठी फाइल स्वीकारीत नाही, म्हणून तीन तासांचे लग्न पुन्हा दोन तुकड्यांत कापावे लागते, आणि मंगलाष्टके पहिल्या भागात व पंगत दुसऱ्या भागात जाते.