मुंबईचा प्लेग, फेंटानिल आणि एक वक्ररेषा

एखाद्या साथीत किती माणसे दगावतील, हे आधी सांगता येईल का? हा प्रश्न कॉम्प्युटरपेक्षा जुना आहे. ड्रग ओव्हरडोसच्या मृत्यूंचा अंदाज बांधण्यासाठी अमेरिकेत आज जी स्टॅटिस्टिकल मॉडेल्स वापरतात, त्यांच्या वंशावळीत एक पान चक्क आपल्या मुंबईचे आहे. त्या वंशावळीची थोडक्यात ओळख करून देण्यासाठी हा लेखप्रपंच.

सुरुवात लंडनची. विल्यम फार हे तिथल्या जनरल रजिस्टर ऑफिसात मृत्यूच्या नोंदी संकलित करत. १८४० साली त्यांनी देवीच्या साथीचे तिमाही आकडे मांडून दाखवले की साथ एका ठरावीक चालीने चढते आणि तशीच उतरते. १८६६ मध्ये इंग्लंडमध्ये गुरांना बुळकांडी रोगाने ग्रासले. पार्लमेंटमध्ये घबराट होती. फार यांनी मात्र वर्तमानपत्राला पत्र लिहून साथ लवकरच ओसरेल असे सांगितले, आणि ती खरोखरच ओसरली!

मुंबईत प्लेग शिरला १८९६ मध्ये आणि पुढे अनेक वर्षे ठाण मांडून बसला. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील मुंबईचे साप्ताहिक मृत्यू १९२७ मध्ये एका शोधनिबंधात अवतरले. लेखक दोघे: प्रयोगशाळेतील अपघातात दृष्टी गमावलेले कर्मॅक, आणि इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये नोकरी केलेले मॅकेंड्रिक. त्यांनी लोकसंख्येचे तीन भाग केले: लागण होऊ शकणारे, लागण झालेले, आणि बरे झालेले किंवा मेलेले. त्यांच्या समीकरणातून आलेली वक्ररेषा मुंबईच्या आकड्यांवर जवळजवळ तंतोतंत बसली. २०२० मध्ये कोविडच्या काळात जगभर वापरलेली कित्येक मॉडेल्स याच निबंधाची वारसदार!

पण गंमत पुढेच आहे. मुंबईचा प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरत होता. दरवर्षी तो थंडीनंतर वाढे आणि कडक उन्हाळ्यात ओसरे. समीकरणात ना उंदीर होता, ना ऋतू. रेषा जुळली, पण कारण वेगळेच होते. रेषा जुळणे म्हणजे रोग समजणे नव्हे, हा धडा पुढच्या पिढ्यांना पुन्हा पुन्हा गिरवावा लागला.

१९९० मध्ये फार यांच्या नियमाच्या आधारे दोन तज्ज्ञांनी अमेरिकेत एड्सचे एकूण सुमारे दोन लाख रुग्ण होतील असे भाकीत केले. १९९५ मध्येच आकडा पाच लाखांवर गेला.

ओव्हरडोसच्या बाबतीतही तेच घडले. १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन बाजारात आले आणि डॉक्टरांच्या प्रिस्क्रिप्शनमधूनच व्यसन घराघरांत शिरले. २०१० च्या सुमारास हेरॉइनची दुसरी लाट आली. २०१४ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी पुन्हा फार यांचाच नियम लावला. त्यांचा निष्कर्ष असा की मृत्यूदर २०१६-१७ मध्ये लाखामागे १६ पर्यंत जाईल आणि २०३५ पर्यंत दोनच्या खाली येईल. पण २०१३ पासून फेंटानिल पसरू लागले होते. २०१७ मध्ये दर २१ च्या पुढे होता, २०२२ मध्ये ३२ च्या पुढे. १९९९ मध्ये वर्षाला सुमारे १७ हजार माणसे जात होती; २०२२ मध्ये सुमारे १ लाख ८ हजार गेली.

२०१८ मध्ये पिट्सबर्गच्या संशोधकांनी १९७९ ते २०१६ मधील सुमारे सहा लाख मृत्यू तपासले. ड्रग बदलत गेले, वये आणि गावे बदलत गेली, पण एकूण रेषा मात्र चक्रवाढ व्याजासारखी चढतच राहिली. आणि ही रेषाही पुढे मोडली! २०२४ मध्ये मृत्यू सुमारे ८० हजारांवर आले. नॅलोक्सोनचा प्रसार, उपचार, की ड्रगच्या पुरवठ्यातील बदल, श्रेय कोणाला द्यायचे यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे.

मग मॉडेल्सचा उपयोग काय? उपयोग आहे, पण प्रश्न छोटा हवा. ऱ्होड आयलंडमध्ये ब्राऊन विद्यापीठाने राज्याच्या आरोग्य खात्याबरोबर असाच प्रयोग केला. २०३५ साली काय होईल हे त्यांनी विचारले नाही. पुढच्या सहा महिन्यांत कोणत्या वस्त्यांना धोका जास्त, आणि नॅलोक्सोन व मदतीची माणसे आधी कुठे पाठवायची, एवढेच विचारले. भाकीत झाल्यावर मदत पोहोचली आणि भाकीत खोटे ठरले, तर यापरता आनंद कोणता?

आमच्या आयटीच्या धंद्यात म्हणतात, आत कचरा टाकला तर बाहेर कचराच येणार. इथे आत जातात ती मृत्यूची प्रमाणपत्रे. ओव्हरडोसमध्ये रक्ताच्या तपासण्यांना वेळ लागतो, म्हणून सीडीसीचे प्राथमिक आकडेसुद्धा सुमारे चार महिने मागे असतात. आणि ज्या व्यसनाची घरात कुजबुजही होत नाही, ते कुठल्याच तक्त्यात येत नाही. येतो तो थेट शेवट.

म्हणून मित्रहो, 'आपल्या मुलांत असले काही नसते' हेही एक मॉडेलच आहे, आणि त्याला आकड्यांचा आधार नाही. मार्च २०२३ मध्ये नॅलोक्सोनचा नाकात मारायचा स्प्रे प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायला परवानगी मिळाली. घरच्या औषधांच्या डब्यात तो असू द्यावा, आणि जेवणाच्या टेबलावर या विषयाला जागा असावी. विल्यम फार यांनी मृत्यूंची मोजदाद केली ती जिवंत माणसांसाठीच!