इंदूर, बंगळूर, आनेकल : कंपोस्टच्या विज्ञानाचा उलटा प्रवास

बंगळूरच्या दक्षिणेस आनेकल तालुका आहे. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या काचेच्या इमारतींपासून थोड्याच अंतरावर, याच तालुक्यातील चिक्कनागमंगल येथे बंगळूर महापालिकेने कचरा-प्रक्रिया प्रकल्प उभारला. मावळ्ळीपुरा येथील कचरा डेपो २०१२ मध्ये बंद पडला. मंडूरच्या ग्रामस्थांनी दीर्घ आंदोलन करून २०१४ अखेर शहराच्या गाड्या रोखल्या. त्यानंतर शहराच्या कडेकडेने जे प्रकल्प घाईने उभे राहिले, त्यांपैकी हा एक. ओल्या कचऱ्यापासून खत करणे हा त्याचा हेतू होता. आसपासच्या रहिवाशांच्या वाट्याला मात्र दुर्गंधी आली आणि निदर्शनांची वेळ आली.

यातील विसंगती इतिहास पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही. शहरी कचऱ्यापासून खत करण्याची एक पद्धत जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ‘बंगळूर पद्धत’ याच नावाने शिकवली जाते आणि तिचा जन्म चिक्कनागमंगलपासून पंचवीस-तीस किलोमीटरवरील भारतीय विज्ञान संस्थेत झाला.

तिच्या आधीची कथा होळकरांच्या इंदुरातली आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल हॉवर्ड यांनी १९२४ मध्ये तेथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ सुरू केली. जमीन होळकर दरबाराने दिली. शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचायचे, ओलावा राखायचा आणि ठरावीक काळाने ढीग उलथायचा, ही ‘इंदूर पद्धत’. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई. हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांचे तद्विषयक इंग्रजी पुस्तक १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे सेंद्रिय शेतीच्या चळवळीने हॉवर्ड यांना आद्य पुरुष मानले. वाडांचे नाव मात्र तळटीपांत उरले. मुखपृष्ठावर ते हॉवर्ड यांच्याबरोबर छापलेले आहे, एवढे तरी मराठी वाचकाला माहीत असावे.

ढीग उलथायचा कशासाठी? सूक्ष्मजीवांना प्राणवायू हवा असतो आणि पाण्यातून प्राणवायूचे विसरण हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद असते. ढिगातील पोकळ्या पाण्याने भरल्या किंवा दाबाने मिटल्या की आतला प्राणवायू काही तासांत संपतो आणि तो न लागणाऱ्या जिवाणूंचे राज्य सुरू होते. मिथेन, हायड्रोजन सल्फाइड आणि उग्र वासाची सेंद्रिय आम्ले ही त्यांची निर्मिती. हवा खेळती असेल तर तोच ढीग साठ अंशांपर्यंत तापतो आणि बहुतेक रोगजंतू मरतात. दुर्गंधी हा कचऱ्याचा स्वभाव नव्हे. तो हवा न मिळाल्याचा पुरावा आहे.

शहरापुढचा प्रश्न शेतापेक्षा वेगळा होता. तेथे शेण कमी, केरकचरा अफाट, आणि टोपलीच्या संडासांतील मैला रोज गावाबाहेर न्यावा लागे. भारतीय विज्ञान संस्थेत सी. एन. आचार्य यांनी १९३९ च्या सुमारास यावर उपाय मांडला. चरात केराचा जाड आणि मैल्याचा पातळ असे थर एकावर एक द्यायचे, पहिले काही दिवस ढीग तापू द्यायचा, मग वरून चिखलाने लिंपून तो सहा ते आठ महिने तसाच सोडायचा. उलथण्याची मजुरी वाचे, माश्यांना वाव राहत नसे आणि नत्रही कमी वाया जाई. मैला कर्बयुक्त केराला नत्र पुरवी. तीस भाग कर्बाला एक भाग नत्र असे प्रमाण साधले की सूक्ष्मजीवांचे काम सुरळीत चाले.

या पद्धतीचे गुणगान करताना एक गोष्ट दडपता येणार नाही. तो मैला माणसांच्या डोक्यावरून येत असे, आणि ती माणसे कोणत्या जातींची होती हे सांगण्याची गरज नाही. टोपलीचे संडास जायलाच हवे होते. मात्र भुयारी गटारे आली तसा खताचा नत्राचा स्रोत गटारात गेला, रासायनिक खते स्वस्त झाली आणि नगरपालिकांचे चर ओस पडले.

पुढचे पर्व यंत्रांचे. सत्तरच्या दशकात केंद्राच्या साहाय्याने मोठ्या शहरांत यांत्रिक कंपोस्ट कारखाने उभारले गेले. बंगळुरात १९७५ मध्ये कर्नाटक कंपोस्ट डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन स्थापन झाले. त्याचा कारखाना आनेकल तालुक्याच्या सीमेलगत, कुडलूच्या परिसरात आला. त्याच दशकात नागपूरच्या ‘नीरी’ने भारतीय शहरांतील कचऱ्याचे पृथक्करण केले, तेव्हा प्लॅस्टिकचे प्रमाण एका टक्क्याच्या आत भरले होते. यंत्रांची आखणी त्या कचऱ्यासाठी होती. नंतरच्या वीस वर्षांत पिशव्या, वेष्टने, बॅटरीचे सेल त्यात मिसळत गेले. मिश्र कचऱ्याच्या खतात काचेचे तुकडे आणि जड धातू निघू लागले, शेतकऱ्यांनी पाठ फिरवली आणि देशातील बहुतेक कारखाने बंद पडले.

भौतिकशास्त्राच्या भाषेत याचे कारण साधे आहे. मिसळणे आपोआप घडते, वेगळे करण्यास कार्य करावे लागते; आणि विलंब होईल तसे ते वाढत जाते. स्वयंपाकघरात केळ्याचे साल आणि बिस्किटाचा पुडा आधीच वेगळे असतात. काय कुठले, ही माहिती तेथे फुकट उपलब्ध असते. दोन्ही एका बादलीत पडले, गाडीत दाबले गेले की ती माहिती नष्ट होते, आणि मग ती परत मिळवण्यासाठी चाळण्या, पट्टे, चुंबके आणि माणसांचे हात लागतात.

हे सूत्र प्रयोगशाळेबाहेर आधी कळले ते कचरावेचकांना. पुण्यात श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून १९९० च्या सुमारास ही मागणी पुढे आली, की घरांनी कचरा वेगळा करून थेट वेचक बायांच्या हाती द्यावा. १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेने त्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी करार केला. दरम्यान, १९९६ मध्ये बंगळूरच्या अभियंता अलमित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि तिच्यातून २००० चे घनकचरा नियम आले. घरीच वर्गीकरणाचा आदेश कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बंगळूरला दिला. देशभरासाठी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन वर्ग २०१६ च्या नियमांनी ठरवले.

त्याच नियमांनुसार पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा होता. आनेकल तालुक्यात चंदापूर, अत्तिबेले, सर्जापूर या रस्त्यांवर अशी संकुले रांगेने उभी आहेत. एका घराचा ढीग लहान. पृष्ठभागातून उष्णता निसटते आणि तो पुरेसा तापत नाही. साधारण घनमीटरभर ढीग जमला की तो आपली उष्णता आपण राखतो. काही डझन घरांचा ओला कचरा, त्यात कर्बासाठी आवारातला पालापाचोळा आणि वेळच्या वेळी ढीग उलथणारा एक माणूस, एवढे त्यास पुरते. हॉवर्ड आणि वाड यांनी इंदुरात जवळपास हेच केले होते. त्यांच्या ढिगात प्लॅस्टिक नव्हते, इतकाच फरक.