तार, मींड आणि पुठ्ठ्याच्या खोक्यातला संगणक

'नागिन' चित्रपट १९५४ चा. त्यातली बीन आजही वरातीत वाजते. आमच्या मेडशीत, म्हणजे अकोल्याहून पातूरमार्गे वाशिमकडे येताना मालेगावच्या अलीकडे जे गाव लागते तिथे, वरात निघाली आणि बँडवाल्याने ती धून धरली नाही असे क्वचितच होते. तरणी पोरे रुमालाचे टोक दातात धरून रस्त्यावर लोळतात. पण ती बीन बीन नव्हतीच. हेमंतकुमारांच्या संगीतात ती कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या, विजेवर चालणाऱ्या छोट्याशा वाद्यावर वाजवली. एका वेळी एकच सूर देणारे हे वाद्य फ्रान्समधल्या कॉन्स्टन्ट मार्टिन यांनी १९४७ च्या सुमारास तयार केले होते. पडद्यावरच्या नागाला फरक कळला नाही, आणि आपल्यालाही नाही.

मित्रहो, विजेचे वाद्य आपल्याकडे आले ते असे, दुसऱ्याचा आवाज घेऊन. आज मात्र मला त्याच्या पुढची गोष्ट सांगायची आहे. हात गिटारच्या तारेवर, आवाज शेजारच्या सिंथेसायझरमधून आणि दोघांच्या मध्ये दुभाष्या म्हणून बसलेला एक छोटासा संगणक. ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात या दुभाष्याला तारेची भाषा शिकायला फार दिवस लागले.

या गोष्टीतला आपला माणूस म्हणजे मुंबईचे चरणजित सिंग. चित्रपटसंगीतात गिटार आणि बास गिटार वाजवणारे, शंकर-जयकिशनपासून राहुलदेव बर्मनपर्यंत अनेकांच्या वाद्यवृंदात बसलेले. 'दम मारो दम'मधला ट्रान्झिकॉर्ड त्यांचा. लग्नसमारंभांतही त्यांचा ऑर्केस्ट्रा वाजत असे. अशा वादकांची नावे तबकडीच्या वेष्टनावर सहसा छापली जात नसत. गाणे गायकाचे, चाल संगीतकाराची, शब्द आमच्यासारख्या कवींचे. ज्यांच्या बोटांतून ते बाहेर आले ते 'म्युझिशियन'.

चरणजितजींनी सिंगापूरहून रोलँड या जपानी कंपनीचे टीबी-३०३ नावाचे यंत्र आणले. हे यंत्र मुळात गिटारवादकांसाठीच काढलेले होते. घरी एकट्याने सराव करणाऱ्याला बासची साथ मिळावी, एवढाच हेतू. त्याच्या तोंडावर इंग्रजीत 'कॉम्प्युटर कंट्रोल्ड' असे छापलेले असे, आणि ते खरेही होते: आत स्वरांची मालिका लक्षात ठेवणारा चिमुकला संगणकच होता. सोबत तालाचे टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. ही तिन्ही यंत्रे घेऊन त्यांनी १९८२ मध्ये दहा रागांची एक तबकडी केली. भैरवी, ललत, भूपाळी, मालकंस, मेघमल्हार, आणि खाली डिस्कोचा ठेका! तबकडी खपली नाही. इकडे टीबी-३०३ सुद्धा गिटारवाल्यांना रुचले नाही आणि १९८४ मध्ये कंपनीने ते बंद केले. मग शिकागोच्या तरुणांनी ते जुन्या बाजारातून स्वस्तात उचलले आणि त्यातून १९८७ च्या आसपास अॅसिड हाऊस नावाचे नृत्यसंगीत जगभर गाजू लागले. पुढे चरणजितजींची तबकडी एका डच संग्राहकाच्या हाती लागली, २०१० मध्ये ती नेदरलँड्समधून पुन्हा निघाली, आणि लोक चकित झाले. हे तर तेच संगीत, पाच वर्षे आधीचे, आणि मुंबईतले! काहींना तर ती बनवाबनवी वाटली. उतारवयात या गृहस्थांना युरोपात बोलावणी आली. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या यंत्रांना जोडणारी तार फक्त ताल सांगत होती. एका मात्रेत चोवीस ठोके, बस्स. सूर कोणता, हे एक यंत्र दुसऱ्याला सांगू शकत नव्हते. ती सोय जानेवारी १९८३ मध्ये झाली. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेऊन ठरवलेली 'मिडी' ही सामाईक भाषा तेव्हा कॅलिफोर्नियातल्या एका प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये पाच टाचण्यांच्या केबलने जोडली आणि एकावर बोट ठेवले की दुसरे वाजू लागले. कोणता सूर, किती जोरात, केव्हा सोडला. निरोप एवढाच, आणि तो पोचायला एक सहस्रांश सेकंद. या भाषेसाठी कोणाकडून पैसे घ्यायचे नाहीत असेही ठरले. माझ्या मते त्या शोधातला सर्वांत मोठा शहाणपणा तोच.

पण ही भाषा पट्ट्यांची होती. पट्टी दाबली की सूर ठरला. तारेचे तसे नसते. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते. एक कंपन पुरे व्हायलाच १२ सहस्रांश सेकंद लागतात. संगणकाला सूर ओळखायचा तर निदान एकदोन कंपने पाहावी लागतात, म्हणजे चोवीसेक सहस्रांश गेले. तेवढ्या वेळात आवाज हवेतून आठ मीटर जातो. म्हणजे साथीदार जणू मंडपाच्या दुसऱ्या टोकाला बसला आहे. बारीक तारेला हा त्रास नाही; ती सेकंदाला ३३० कंपने करते. त्यातून सहा तारा एकदम छेडल्या तर सगळा गलका, कोण काय म्हणाले ते कळायचे नाही. म्हणून रोलँडने १९७७ च्या आपल्या गिटार-सिंथेसायझरमध्ये प्रत्येक तारेखाली वेगळा पिकअप बसवला. त्याच वर्षी अमेरिकेच्या एआरपी कंपनीनेही असेच वाद्य काढले. ते चालले नाही आणि १९८१ मध्ये कंपनीच बुडाली.

आज हे काम रास्पबेरी पाय नावाचा, हाताच्या तळव्यावर मावणारा संगणक करतो. २०१२ मध्ये तो इंग्लंडमध्ये मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवण्यासाठी निघाला. सुरुवातीची किंमत ३५ डॉलर. गिटारचा आवाज एका जोडयंत्रातून आत घ्यायचा, फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमने सूर ओळखायचा आणि मिडीची आज्ञा बाहेर पाठवायची. गावातल्या ओळखीच्या एका मुलाने ऑर्केस्ट्रातून निकाली निघालेला 'कॅसिओ' असा जोडला आहे. (आमच्याकडे कुठल्याही कंपनीचा की-बोर्ड कॅसिओच.) संगणक पुठ्ठ्याच्या खोक्यात, खोके रबराने बांधलेले.

मी त्याला एकच विचारले, मींड निघते का? कारण आमचा जीव तिथे अडकलेला. तरन्नुममध्ये गझल म्हणणाऱ्याचे सारे काही दोन सुरांच्या मधल्या वाटेवर असते. याच मुद्द्यावर आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमला दार बंद केले होते. तिला मींड घेता येत नाही आणि तिचे सूर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, हे मुख्य आक्षेप. तीसेक वर्षांनी, १९७१ च्या सुमारास, बंदी सैल झाली. आक्षेप चुकीचा नव्हता. शिक्षा मात्र जबर होती. भजनी मंडळांनी आणि आमच्या कव्वालांनी पेटी कधीच सोडली नाही. कव्वालीत वाजणाऱ्या बेंजोलाही पट्ट्याच असतात, आणि त्याचा पूर्वज १९१२ मध्ये जपानच्या नागोयात जन्मला. 'परके वाद्य' म्हणून किती जणांना हाकलणार?

मिडीत मींडेची सोय आहे. सूर वर-खाली सरकवण्यासाठी १६ हजारांहून अधिक पायऱ्या आहेत, कानाला त्या जाणवत नाहीत. अडचण वेगळीच. एका वाहिनीवर सरकवले की तिथले सगळे सूर एकदम सरकतात. एका तारेवर मींड घेतली तर शेजारचा स्थिर षड्जही हलणार! उपाय असा की सहा तारांना सहा वाहिन्या द्यायच्या. मिडीत सोळा असतात. पण त्यासाठी प्रत्येक तारेचा वेगळा पिकअप हवा, आणि तो या मुलाच्या गिटारला नाही.

तेव्हा तो जाड तारांच्या वाटेला जात नाही. वरच्या दोन बारीक तारांवर, एका वेळी एकच सूर वाजवतो, तार बोटाने आडवी ओढतो आणि कॅसिओतून भूपाळीचा गंधार खाली घसरत रिषभावर येतो. किंचित उशिरा येतो, पण वाटेत कुठे तुटत नाही. पिकअपसाठी त्याचे पैसे साठवणे चालू आहे.